पांझरेचा फड आणि आपले पाणी

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम उत्तम झाले. त्यातही मला अधिक आवडला तो दारातला फलक. अकरा रुपये देणारी मजूर बाई आणि लाखाची पावती फाडणारा व्यापारी, दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत.

समितीने मला पाण्यावर बोलायला सांगितले. देवळात पाण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण श्रावणात कानबाई ज्या नदीत विसर्जित करायची, तिच्यात तेव्हाही नुसते गोटेच दिसले तर तो विषय देवळाचाच म्हणायचा. धुळे, शिंदखेड्याकडचा आपला पट्टा पर्जन्यछायेचा. वर्षाची सरासरी 500 ते 600 मिलिमीटर. तोही पाऊस हल्ली चार दिवसांत धो धो कोसळतो आणि मग तीन तीन आठवडे तोंड दाखवीत नाही.

अशा मुलखात आपल्या पूर्वजांनी फड बसवला. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून ही पद्धत चालत आली असे मानतात. तरुण मंडळींसाठी थोडे सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या. मोटार नाही, इंजिन नाही, पाणी उताराने जायचे. पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात एकच पीक. कुठे ऊस, कुठे गहू-हरभरा, ते गाव बसून ठरवी. शेतकऱ्याने आपल्या शेतात पाणी स्वतः घ्यायचे नाही, ते पाटकरी देणार. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला पिकातून. पाट साफ करायला सगळ्यांनी यायचे.

खरी खुबी पुढेच आहे. बहुतेकांच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी दिसले की पंच एखादा फड त्या वर्षी पडीक ठेवीत. म्हणजे टंचाई आली तर ती पाटलालाही आणि दोन बिघेवाल्यालाही. आज काय होते? ज्याची बोअर खोल, त्याचे शेत हिरवे. शेजाऱ्याची विहीर आटली तर तो त्याच्या नशिबाचा भोग!

फड मोडला त्याला कारणे अनेक. वरच्या अंगाला धरणे झाली, वाळू उपसली गेली, विहिरींवर मोटारी बसल्या. मी फडाचे नुसते गोडवे गाणार नाही. ज्याची जमीन पाटाच्या वर, त्याला फडाचे पाणी कधी मिळाले नाही. ज्याला जमीनच नाही, त्याचा तर विचारही नव्हता. तो विचार 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी केला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हिशेब जमिनीवर नव्हता, माणसांवर होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. उसाचे नाव काढले की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, मला इथूनही दिसतात!

लांबचे उदाहरण नको असेल तर साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. आदिवासी पाडा, पैशाने गरीब. 1990 च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने लोकांनी कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड लावला, जंगल राखले, बांध घातले. आटलेल्या विहिरींना पाणी आले. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. शिरपूरकडे 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून, बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधून पाणी मुरवले गेले. त्या कामाला यंत्रे लागतात, पैसा लागतो, आणि आपले देणगीदार तो देतीलही. पण मुरलेले पाणी एकाच बोअरने ओढून नेले तर देणगी कोणाच्या उपयोगी पडली?

म्हणून माझी सूचना अशी, की ही समिती विसर्जित करू नये. आपल्या जुन्या बंधाऱ्यात गाळ भरला आहे, तो काढावा. दसऱ्यानंतर गावातल्या विहिरींची पातळी मोजून या देवळाच्या भिंतीवर लिहावी आणि रब्बीची पेरणी ती पाहून ठरवावी. पहिला हिशेब पिण्याच्या पाण्याचा, आणि तोही खालच्या वस्तीपासून. नवी बोअर घ्यायची तर आधी गावासमोर बोलायचे. तिथे वाद होतील. देवळाच्या वर्गणीतही झाले होते, तरी कळस चढला.

गाळ काढायचा तर पावसाआधी. आखाजीला लेकी माहेरी येतात, बाहेरगावची मंडळीही येतात. त्या दिवशी याच सभामंडपात बैठक बोलवावी, आणि घरचे पाणी ज्या भरतात त्या बायांनाही पुढे बसवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.