अनुदान आणि अट



ज्याच्या घराला अंगण नाही, त्याचे अंगण म्हणजे सार्वजनिक उद्यान. म्हणून अमेरिकेतील भूमी व जल संवर्धन निधीचा 1964 चा कायदा आपण समजून घेतला पाहिजे. समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नातून हा निधी उभा राहतो. त्यातून उद्याने, मैदाने व पायवाटांसाठी राज्यांमार्फत नगरपालिकांना निम्म्या खर्चापर्यंत अनुदान मिळते. मात्र त्याला अट आहे. ती जागा कायम लोकांसाठी खुली राहिली पाहिजे. दुसऱ्या कामासाठी घ्यायची झाल्यास केंद्राची मंजुरी लागते आणि तेवढ्याच किमतीची व उपयोगाची जागा बदली द्यावी लागते. गरिबाच्या मुलाचे मैदान राखते ती ही अट.

तरीही वर्षाला 90 कोटी डॉलरची तरतूद असताना अनेक वर्षे त्यातील मोठा वाटा दुसरीकडे वळवला गेला. पूर्ण रकमेची हमी मिळाली ती 2020 च्या कायद्याने. मित्रहो, कायद्यात लिहिलेला पैसा आपोआप मैदानापर्यंत पोहोचत नाही. आपणही आपल्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचावा, उद्यानासाठी रक्कम किती आणि त्या जागेला संरक्षण कोणते, हे विचारावे.