गुपित कोणाचे, सुरक्षा कोणाची?



मे १९३० मध्ये सुव्यवस्थेच्या नावाखाली इंग्रजांनी याच सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. त्याच राज्यकर्त्यांचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही चालू आहे. सैन्याच्या हालचाली गुप्त राहाव्यात, हे मलाही मान्य. पण जवानाने बाईवर अत्याचार केल्याची तक्रार असेल, तर तिचे पुढे काय झाले, हेही गुपितच?

माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम २४ केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या संघटनांना सूट देते. मात्र मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत येत नाही. माहिती आयोगाच्या मान्यतेने ती ४५ दिवसांत मिळायला हवी.

म्हणून अर्जात हे कलम लिहा. देशाच्या सुरक्षेत बाईची सुरक्षा धरली आहे का, हे आपणच विचारायचे आहे.