विंचू, लहान मुले आणि महाडचे डॉक्टर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



मी बँकेतला माणूस. औषधपाण्यातले मला काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. पण आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनी मोठे काम केले ते नीट नोंदी ठेवून. आणि नोंदीचे मोल बँकवाल्याला सांगावे लागत नाही!

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७६ साली ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचू फार. चावला की गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. त्यात लहान मुलांना धोका जास्त, कारण विष तेवढेच आणि अंग मात्र चिमुकले.

डॉक्टर रात्र-रात्र खाटेजवळ बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, सगळे टिपत गेले. त्यातून त्यांना उलगडा झाला. या विषाने शरीरातली ताणाची द्रव्ये एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबावरची प्रझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात चाराच्या आत आले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, मिळू लागल्यावर त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि लस. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या गोळीवर तेवढ्या वेळात ८ जण. आपल्याच जुन्या उपायाला हे असे पुन्हा तपासून घेणे मला फार मोठे वाटते. हा लेख २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठे हॉस्पिटल नाही, हाताशी संशोधकांची फौज नाही. तालुक्याच्या गावात राहून हे झाले, बरं का!

आता आपल्या खान्देशाकडे येतो. पऱ्हाटीचे ढीग, दगडी बांध, पडक्या भिंती आपल्याकडेही आहेत. साक्रीकडच्या शाखेत असताना एका खातेदाराच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला विंचू चावला. घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेले, दवाखाना नंतर. पोरगा वाचला नाही. बाप पुढे कर्जाचा हप्ता भरायला यायचा, तेव्हा काउंटरवर आम्ही कोणी त्याच्याशी नजर मिळवू शकत नव्हतो.

म्हणून सांगतो. आपण जळगावात किंवा धुळ्यात फ्लॅटमध्ये राहत असलो, तरी भाऊबंद गावीच आहेत आणि सुट्टीत नातवंडे तिकडेच जातात. विंचू चावल्यावर मुलाला उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय दिसले तर एक मिनिट घालवू नका. दुखणे कमी झाले म्हणजे धोका टळला, असे समजू नका. जखम कापू नका, आवळून बांधू नका, मनाने गोळी देऊ नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

आणि एक सूचना सोसायटीसाठी. गेटजवळच्या फलकावर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची नावे आपण न चुकता लावतो. त्याच फलकावर १०८, जवळचे मुलांचे रुग्णालय आणि रात्री गाडी काढू शकतील अशा चार सभासदांचे नंबर कायमचे लावावेत. दर सहा महिन्यांनी ते तपासावेत. पहिला नंबर माझा लिहा. वय झाले तरी गाडी अजून चालवतो, आणि झोप तशीही कमीच लागते.