दव वाळायच्या आत मत

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मतदानाच्या दिवशी आपल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येते : ‘आधी वावरातले काम उरकू. मत काय, सांजच्याला जाऊन देऊ.’ आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. ऐन वेचणीचे दिवस. त्या दिवशी मात्र आम्ही सकाळी सातलाच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन रांगेत उभ्या राहिलो. बायकांची रांग वेगळी. आमच्या पुढे एका मोठ्या घरची सून, मागे तिच्याच वावरात वेचणीला जाणाऱ्या बाया. एरवी एक हिशेब लिहिणारी, दुसऱ्या मजुरी मागणाऱ्या. इथे सगळ्या एकामागे एक.

कोणाला मत देणार, हे कोणी कोणाला विचारले नाही. विचारूही नये. बोलणे निघाले ते कापसाचेच. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झाला होता आणि खेडा खरेदीवाला ओल दाखवून त्याच्या खाली मागत होता. कोणाच्या ज्वारीची कोळपणी राहिली होती. तेवढ्यात मागची एक बाई म्हणाली, ‘आमी किलोवर येचतो ताई. इथं एक घंटा गेला, का तेवढे पैसे गेले.’

रांग गप्प झाली. मग सून म्हणाली, ‘आज वेचणी उशिरा लावू. मलाही इथंच उभं राहायचं आहे.’ वेळेचे निभावले. पैशाचा प्रश्न तिथेच राहिला.

भावांनो, तो प्रश्न घेऊन आम्ही आज इथे आलो आहोत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आस्थापनेतल्या कामगाराला मतदानाची भरपगारी सुटी आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. किलोवर वेचणाऱ्या बाईपर्यंत ती सुटी कोण पोचवणार? आपण घामाचे दाम मागतो. मग मत द्यायला गेलेल्या बाईचे दोन तासांचे दाम आपण कापून घेतले, तर आपली मागणी कोणत्या तोंडाने करायची?

आता शेतीचे शिक्षण घेतले म्हणून एक सांगतो. नोव्हेंबरात सकाळी बोंडांवर दव असते. ते वाळल्याशिवाय वेचणी करू नये. सीसीआय ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. म्हणजे सकाळचे पहिले दोन तास वावराला नकोच आहेत. ते मताला द्या.

लवकर जाण्याचे फायदेही रोकडे आहेत. ओळखपत्र घरी राहिले, यादीत नाव सापडले नाही, तर धावपळ करायला दिवस हातात असतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल, तर हुज्जत न घालता आपली ओळख पटवावी आणि प्रदत्त मतपत्रिका मागावी. तो आपला हक्क आहे. पण ती मतपत्रिका न्यायालयाने सांगितल्याशिवाय मोजली जात नाही. म्हणून मुळात दुसऱ्याच्या आधी आपण पोचलेले बरे.

उशीर झालाच, तरी घरी बसू नका. मतदान संपायच्या वेळेला जो रांगेत उभा आहे, त्याला चिठ्ठी मिळते आणि मत देता येते. मग रात्र झाली तरी चालेल.

पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, प्रत्येक गावाने आदल्या रात्री दोन गोष्टी ठरवाव्या. मतदान उघडताच मालक आणि मजूर दोघांनी रांगेत उभे राहायचे. आणि त्या दिवशी वेचणाऱ्या बाईला रांगेतल्या वेळेची मजुरी वेगळी द्यायची. मत कोणाला, ते तिचे तिने ठरवायचे. मजुरी दिली म्हणून तिला ते विचारायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

रांगेत तासभर तिचे ऐका. आपल्या वावराचा हिशेब तिला आपल्याइतकाच ठाऊक असतो.

एवढे सांगून आम्ही थांबतो.