लाकडी घोड्यांचे जतन

लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा म्हणजे जत्रेतील लहान मुलांची करमणूक. तिच्या जतनाकडे नगरपालिकेने आणि विधिमंडळाने लक्ष पुरवावे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स शहरी, नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठी हे घडले आहे.

चार्ल्स लूफ हा होल्स्टाइन प्रांतातून १८७० साली अमेरिकेत आलेला कारागीर. फर्निचरच्या कारखान्यात उरणाऱ्या लाकडांतून त्याने घोडे कोरले आणि १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर आपला पहिला पाळणा उभारला. १८९५ च्या सुमारास क्रेसेंट पार्क या समुद्रकाठच्या उद्यानात त्याने बांधलेला पाळणा गिऱ्हाइकांना दाखवावयाचा नमुना होता. साहजिकच त्यावरील ६१ घोडे, एक उंट आणि चार रथ यांत त्याने आपल्या हातातील सारी कला ओतली.

१९७९ मध्ये हे उद्यान बंद पडले. त्या काळी हौशी संग्राहक जुन्या कोरीव घोड्यांना चांगली किंमत देऊ लागले होते. अखंड पाळण्यापेक्षा सुटे घोडे विकणे अधिक लाभाचे ठरे, आणि कित्येक पाळणे असेच मोडले गेले. दिवाणखान्यात मांडलेला घोडा शाबूत राहतो, हे खरे. पण त्यावर कोणतेही मूल बसत नाही. ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या रहिवाशांनी नेटाने प्रयत्न करून आपला पाळणा जागच्या जागी राखला आणि पुढे तो शहराच्या मालकीचा झाला. १९८५ मध्ये विधिमंडळाने त्यास लोककलेचे राज्यप्रतीक ठरविले. १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. उद्यानाच्या जागेवर आता घरे उभी आहेत.

तथापि दर्जाच्या कागदाने लाकूड कुजावयाचे थांबत नाही. खाऱ्या, दमट हवेने सांधे सैल होतात, रंगाचे पोपडे निघतात. रोजच्या स्वारीने खोगिरे झिजतात. मग त्यास कुलूप लावून ठेवणे सोपे नव्हे काय? सोपे खरेच, परंतु थांबलेल्या पाळण्याची नवी पिढीला ओळख राहत नाही, आणि ज्याची ओळख नाही त्याच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात रक्कम मागणार तरी कोण? तेव्हा झीज सोसून, वेळोवेळी डागडुजी करून, तो चालू ठेवण्याचेच धोरण पत्करले गेले. अलीकडे इमारतीच्या दुरुस्तीसाठी तो काही काळ बंद ठेवावा लागला. २०२२ मध्ये घोडे पुन्हा फिरू लागले.