हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका
(ओझर येथे गटांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



बचतीचा हिशोब झाला, आता मला दहा मिनिटं द्या. विषय आहे मगरीची अंडी. हसू नका, तो आपल्या द्राक्षबागेपर्यंत येतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अपॉप्का नावाचं मोठं तळं आहे. १९८० साली जवळच्या कारखान्यातून डायकोफॉल हे कीटकनाशक त्यात गेलं. त्यात डीडीटीही होतं. भोवतालच्या शेतांचं औषधाचं पाणी तर आधीपासून येतच होतं. पुढे मगरीच्या अंड्यांतून पिल्लं निघेनात. निघाली ती जगेनात. लुई गिलेट या शास्त्रज्ञांनी तपासलं, तर नर पिल्लांत पुरुष हार्मोन कमी आणि लिंग लहान. माद्यांची अंडाशयं बिघडलेली.

असं का झालं? हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. वयात येणं, पाळी, दिवस जाणं, सगळं त्याच्या निरोपावर चालतं. काही रसायनं या निरोप्याचं सोंग घेतात आणि खोटा निरोप देतात. काही कासवांत अंड्याला किती ऊब मिळते त्यावर नर की मादी ते ठरतं. प्रयोगात अंड्याच्या कवचाला असं रसायन लावलं, तर नर व्हायच्या उबेतही माद्या जन्मल्या. जीव घडताना निरोप चुकला की तो नंतर दुरुस्त होत नाही.

मगरीला झालं ते बाईला होईलच, असं मी म्हणत नाही. पण मगरीच्या मादीतलं इस्ट्रोजेन आणि आपल्यातलं इस्ट्रोजेन एकच आहे. म्हणून सावध राहायचं.

आता बागेकडे या. आपल्याला सांगतात, "हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही." ताई, बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण एवढंच सांगतो, की औषध अंगात गेलं तर किती थोड्या मात्रेत जीव घेईल. हार्मोनवर काय होईल, पोटातल्या बाळावर काय होईल, हे तो रंग सांगत नाही. डायकोफॉलही आपल्याकडे कितीतरी वर्षं दुकानात मिळत होतं. बंदी आली २०२३ साली.

मग करायचं काय?

फवारणी झालेल्या बागेत लगेच विरळणीला शिरायचं नाही. पोटुशी बाई असेल तर तिला अजिबात पाठवायचं नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. रिकाम्या कॅनमध्ये पाणी, तेल, धान्य काही ठेवायचं नाही, कॅनला भोक पाडायचं. पंप बाणगंगेत किंवा विहिरीजवळ धुवायचा नाही. काठाच्या मातीत कासवं अंडी घालतात आणि पाणी आपणही पितो.

एकटी बाई मुकादमाला "आज नको" म्हणाली, तर उद्या तिचा रोज बुडतो. दहा जणी म्हणाल्या तर बागाईतदाराला ऐकावं लागतं. म्हणून आजच्या ठरावात एक ओळ घालूया: फवारणी कधी झाली, कोणतं औषध मारलं, हे विचारल्याशिवाय आपल्या गटातली बाई बागेत पाऊल टाकणार नाही. अध्यक्षताई, हात वर करायला सांगा.