हात हलतायत, हलू देत

मागचे दोन भाग निदान आणि थेरपी यांतच गेले. आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, जी बहुतेक आईबापांना सगळ्यात आधी दिसते आणि चारचौघांत सगळ्यात जास्त अवघडून टाकते. मूल हात फडफडवतं. गोल गोल फिरतं. पुढे-मागे डोलतं. एकच आवाज तासन्‌तास काढतं. याला स्टिमिंग म्हणतात. आणि मग शेजारपाजारचे, नातेवाईक, कधी कधी शाळाही एकच प्रश्न विचारते, "हे बंद कसं करायचं?"

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, आठवीत. निदान सहाव्या वर्षी झालं. कागदावर ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असं आलं, आणि डॉक्टर तोंडी म्हणाले, "पूर्वी ज्याला ॲस्परगर सिंड्रोम म्हणायचे, तसं." या नावाचं थोडक्यात सांगते, कारण पालक गोंधळतात. हान्स ॲस्परगर हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी 1944 मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं. पण त्यांचं नाव या स्थितीला चिकटलं ते 1981 मध्ये, लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या लेखामुळे. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. 1994 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात ॲस्परगर वेगळं निदान म्हणून आलं, 2013 मध्ये ते काढून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं. पुढे 2018 मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराचं संशोधन प्रसिद्ध झालं. ॲस्परगर यांनी नाझी काळात काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवलं होतं, जिथे अपंग मुलांचे जीव घेतले जात, हे त्यातून पुढे आलं. म्हणून अनेकांना ते नाव आता तोंडात नको वाटतं. मी ते वापरते ते फक्त समोरच्याला पटकन कळावं म्हणून. मराठीतला 'स्वमग्नता' हा शब्दही मला फारसा पटत नाही. आमचा मुलगा स्वतःत मग्न वगैरे काही नाही हो. घरात कोण कुठल्या गाडीनं आलं आणि ती किती मिनिटं लेट होती, सगळ्यांची खबर त्याच्याकडे असते.

असो. स्टिमिंगकडे येऊ.

आपण सगळेच हे करतो. मीटिंगमध्ये पेनची टिकटिक. फोनवर बोलताना कागदावर गिरगटणं. खुर्चीत बसून पाय हलवणं, ज्यावरून आपल्या प्रत्येकाला लहानपणी घरातल्या मोठ्यांचा ओरडा पडलाय. पाळण्यात घालून बाळ शांत करतो, वाड्यातल्या झोपाळ्यावर बसून अर्धी दुपार काढतो. आरतीला टाळ्या वाजवत अख्खं घर डोलतं, तेव्हा कुणी विचारत नाही की यांना काय झालंय. फरक आहे तो किती वेळ, किती जोरात आणि किती गरजेपोटी, यात.

गरज कसली? शाळेत आपण पाच इंद्रियं शिकलो. पण आणखी दोन कायम कामात असतात. एक कानाच्या आतल्या भागातलं, तोल सांभाळणारं. दुसरं स्नायू आणि सांध्यांमधलं, हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे सांगणारं. अनेक ऑटिस्टिक मुलांमध्ये या सगळ्या खबरा एक तर फार मोठ्यानं येतात, नाही तर फार हळू. मिक्सरचा आवाज तुम्हा-आम्हाला मिक्सरचा आवाज असतो. माझ्या मुलाला तो दात दुखावा तसा दुखतो. उलट आपलं अंग खुर्चीत नीट बसलंय की नाही, हे त्याला हलल्याशिवाय कळतच नाही. मग शरीर आपला उपाय शोधतं. स्वतः तयार केलेली, एका लयीतली, आधीच माहीत असलेली हालचाल किंवा आवाज. बाहेरच्या गोंधळात तेवढं एकच त्याच्या ताब्यातलं असतं.

पण फक्त त्रासातच मुलं हे करतात असंही समजू नका. माझा मुलगा सगळ्यात जोरात हात फडफडवतो ते डोंबिवलीच्या फलाटावर, फास्ट लोकल न थांबता धडधडत गेली की. खांद्याच्या उंचीला हात, टाचा उचललेल्या, तोंडभर हसू. तो आनंद आहे. आपण टाळी देतो, तो हात फडफडवतो.

म्हणजे एकाच मुलाच्या वेगवेगळ्या स्टिमचे वेगवेगळे अर्थ असतात. निदान झाल्यावर आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी एक सोपं काम दिलं होतं. महिनाभर वही ठेवा. काय केलं, किती वाजता, कुठे, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. बाकी काही नाही. मला अजूनही वाटतं, पहिल्या वर्षात यापेक्षा उपयोगी काही आम्ही केलं नसेल. त्या वहीतून कळलं की डोलणं म्हणजे तो विचार करतोय, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. हुंकारासारखा एकसुरी आवाज म्हणजे बाहेरचा आवाज झाकतोय, तेव्हा आधी टीव्ही बंद करायचा. आणि शर्टाची कॉलर चावणं म्हणजे काहीतरी सहन होत नाहीये.

या कॉलरचीच गोष्ट सांगते. तिसरीत असताना तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओल्या कॉलरनं घरी यायचा. इतर दिवशी नाही. वही काढली, वेळापत्रक शेजारी ठेवलं. त्या दोन दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्ग चित्रकलेच्या खोलीत जायचा. वर्गशिक्षिका बाईंना विनंती केली, त्या स्वतः जाऊन दहा मिनिटं तिथे बसल्या. एक ट्यूबलाइट सारखी लुकलुकत होती आणि गुणगुणत होती. बाकीच्या चाळीस मुलांना तिचा पत्ताही नव्हता. शिपाईकाकांनी स्टार्टर बदलला. पुढच्या आठवड्यात कॉलर कोरडी. आता समजा, आम्ही कॉलर चावू नको म्हणून त्याच्या मागे लागलो असतो, आणि त्यानं ते थांबवलंही असतं, तर ट्यूबलाइट तशीच राहिली असती आणि आम्हाला कळण्याचा रस्ताही बंद झाला असता.

सगळेच शिक्षक असे नसतात. पाचवीत नवीन शाळा आली, आणि दुसऱ्या महिन्यात बोलावणं. इतर मुलांचं लक्ष विचलित होतं, याला हात खाली ठेवून बसायला शिकवा, नाहीतर विचार करावा लागेल. 'विचार करावा लागेल' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. घरी आल्यावर मी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "आई, हात खाली ठेवायचे की बाई काय शिकवतात ते ऐकायचं? दोन्ही एकदम नाही होत."

मी हेच वाक्य लिहून शाळेला दिलं. कारण त्यात सगळं आलं. हात दाबून ठेवणं हेच त्या मुलाचं पूर्ण वेळेचं काम होऊन बसतं, अभ्यासाला काही उरत नाही. आणि दाबलेलं कुठेतरी निघतं. शाळेत शहाण्यासारखं बसलेलं मूल साडेपाचला दारात दप्तर टाकतं आणि तासभर किंचाळत रडतं. लोकांना तो हट्ट वाटतो. हट्ट करणारं मूल मधूनच बघतं, आई पाघळतेय का. मेल्टडाउनमधलं मूल कुणाकडेच बघत नाही. त्याला मागायचं काहीच नसतं. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी बत्तीस प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींना स्टिमिंगबद्दल विचारलं होतं. त्यांचंही म्हणणं हेच होतं की यानं आम्ही स्वतःला सावरतो, आणि ते पुसून टाकणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. मुलं सांगू शकत नाहीत, मोठी झालेली माणसं सांगतात. त्यांचं ऐकायला काय हरकत आहे?

शाळेशी तडजोड झाली. शेवटचा बाक, भिंतीकडची जागा, हातात एक मऊ रबरी चेंडू, आणि फार झालं तर पाणी प्यायला बाहेर जायची परवानगी. शेवटचा बाक एरवी शिक्षा असते. त्याला तो फार आवडतो, मागून कुणी धक्का देत नाही.

मग काहीच थांबवायचं नाही का? तसं नाही. एक रेघ आहे. स्वतःला इजा होत असेल, डोकं आपटणं, मनगट चावून रक्त काढणं, तर थांबवायचं. पण तिथेही पहिलं काम शोधण्याचं. दाढ दुखतेय का, कानात काही झालंय का, चार दिवस पोट साफ नाहीये का. जे मूल दुखतंय असं नीट सांगू शकत नाही, ते डोकं आपटून सांगतं. म्हणून आधी डॉक्टर. ते नसेल तर त्या हालचालीतून शरीराला जे मिळतंय, तेच दुसऱ्या, सुरक्षित रीतीनं द्यायचं. चावायला लागतंय तर चावायचं खेळणं मिळतं, गाजरही चालतं. दाब हवाय तर महागडं वजनदार ब्लँकेट घ्यायलाच हवं असं नाही, आमच्याकडे आजीची जुनी जाड गोधडी तेच काम करते. भिंत ढकलणं, पाण्याची बादली उचलून नेणं, आणि सगळ्यात भारी म्हणजे कणीक मळणं. आमच्या घरी रात्रीची कणीक तोच मळतो. पोळ्या मऊ होतात हा वरचा फायदा.

दुसरी रेघ दुसऱ्याच्या अंगाची. लहानपणी त्याला लोकांचे केस हुंगायला आवडायचं. तिथे नियम सरळ होता, दुसऱ्याच्या अंगाला विचारल्याशिवाय हात नाही. त्याऐवजी खिशात तेलाचा वास असलेला रुमाल. या दोन रेघांच्या अलीकडचं सगळं त्याचं.

घरातल्या मोठ्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला हे पटायचं नाही. त्यांना मी कुठलं पुस्तक दिलं नाही. एकदा संध्याकाळी त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि नातू शेजारी डोलत होता. त्याच म्हणाल्या, "माळ हातात नसली की मलाही चैन पडत नाही, याचं तसंच असेल." झालं. त्यानंतर गणपतीत एका काकूंनी "हा असा का करतो?" म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी उत्तर दिलं, "त्याची सवय आहे, तुम्ही मोदक घ्या."

मुलींबद्दल एक वाक्य टाकून जाते, कारण त्यावर वेगळा भागच करायला हवा. मुली बऱ्याचदा असं काहीतरी करतात जे खटकत नाही, बटेला पीळ घालणं, ओढणीचं टोक बोटात फिरवणं. म्हणून त्यांचं निदान अनेकदा फार उशिरा होतं.

आता ज्यामुळे मी हा भाग करायला घेतला ते. सहा वर्षांचा मुलगा हात फडफडवतो तेव्हा लोक म्हणतात, अरे, मजेत आहे. तेरा वर्षांचा, माझ्याहून उंच, मिशी फुटलेला मुलगा गर्दीत तेच करतो तेव्हा लोक मागे सरकतात. गेल्या हिवाळ्यात लोकलमध्ये एका माणसानं त्याच्या बाबांना विचारलं, "नशा करतो का हा?" शेजारचा एक जण फोन काढून शूटिंग करायला लागला. बाबा सोबत होते म्हणून तेवढ्यावर निभावलं. मी त्या रात्री झोपले नाही. कारण तो म्हणतोय की जूनपासून ठाण्याला बुद्धिबळाच्या क्लासला एकटा जाणार.

सोपा उपाय होता, बाहेर हात हलवायचे नाहीत असं शिकवायचं. आम्ही तो त्याच्यापुढे हुकूम म्हणून ठेवला नाही, माहिती म्हणून ठेवली. लोक काय समजतात, का घाबरतात, काय करू शकतात. पुढचं त्यानं ठरवलं. गर्दीत तो खिशातल्या हातानं अंगठा चारी बोटांवरून फिरवतो. "हे पन्नास टक्के काम करतं," असं त्याचं म्हणणं. फलाटावर, जागा असेल तर, पूर्ण. आणि एक कार्ड त्यानं स्वतः टाइप करून लॅमिनेट करून घेतलंय: मला ऑटिझम आहे. हात हलवले की मला बरं वाटतं. मला मदत नको आहे. खाली आमचे दोन नंबर. 'मदत नको आहे' हे काढून टाक, असं मी म्हटलं होतं. त्यानं नाही काढलं.

याच कारणासाठी सांगते, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला कचरू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. शिक्का बसेल म्हणून घाबरणारे पालक मला भेटतात. लोकांच्या नजरेचा शिक्का तसाही बसतोच, कागद असेल तर निदान परीक्षेत जादा वेळ मागता येतो आणि स्टेशनवर कुणी अडवलं तर दाखवायला काहीतरी असतं.

आत्तापर्यंत डोंबिवली-ठाणे अशा नऊ फेऱ्या झाल्यात. शेवटच्या तीन वेळा बाबा त्याच्या शेजारच्या डब्यात होते. मागच्या शनिवारी मुंब्र्याजवळ गाडी वीस मिनिटं थांबली, दिवे गेले, पंखे बंद. बाबांच्या फोनवर मेसेज आला: "मी दाराजवळ उभा आहे, हात पूर्ण हलवतोय, एका काकांनी विचारलं, कार्ड दाखवलं, ते ठीक म्हणाले. तुम्ही येऊ नका."

बाबा गेले नाहीत. पुढच्या शनिवारी ते घरी राहणार आहेत, असं ठरलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पुढचा भाग दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींवर. शाळेकडे अर्ज कधी, कसा करायचा, ते बोलू.